तीन आयरिश विधवा, तीन लेखक: आधी कोणती कादंबरी हाती घ्यावी?

नवरा जाऊन काही तासच झालेले असताना विधवा-निवृत्तिवेतनाचा अर्ज करायला सरकारी कचेरीत जाऊन बसलेली बाई आणि तिच्याकडे मृत्यूचा दाखला मागणारा कारकून, या प्रसंगाने ब्रेंडन ओ'कॅरोल यांची 'द मॅमी' ही विनोदी कादंबरी सुरू होते. काळ मार्च १९६७ चा, शहर डब्लिन. अ‍ॅग्नेस ब्राउन चौतीस वर्षांची आहे, पदरी सात मुले आहेत, मूर स्ट्रीटवर फळे-भाजीचा गाडा आहे, आणि दाखला तिच्याकडे नाही, कारण तो निघायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ नवऱ्याला जाऊन झालेलाच नाही. सोबतीला आलेली मैत्रीण मॅरियन तिच्यापेक्षाही अधिक फटकळ आहे. अर्जातला एकेक रकाना भरताना कारकुनाची जी दमछाक होते, ती वाचताना हसू आवरत नाही, आणि चारपाच पाने उलटल्यावर ध्यानात येते की आपण एका मरणाच्या बातमीवर हसत आहोत.

एकटीने मुले वाढवणाऱ्या आयरिश विधवेविषयी काही वाचावे असे ज्याला वाटते, त्याच्यासमोर या पुस्तकाबरोबर आणखी दोन लेखकांची पुस्तके हमखास येतात. कोलम तोबीन यांची 'नोरा वेब्स्टर' २०१४ साली प्रसिद्ध झाली. रॉडी डॉईल यांनी पॉला स्पेन्सर या नायिकेवर आधी १९९६ मध्ये 'द वूमन हू वॉक्ड इन्टू डोअर्स', नंतर २००६ मध्ये 'पॉला स्पेन्सर' आणि अलीकडे २०२४ मध्ये 'द विमेन बिहाइंड द डोअर' अशा तीन कादंबऱ्या लिहिल्या. 'द मॅमी' या सर्वांत जुनी, १९९४ ची, आणि आकाराने बरीच लहान आहे. वेळ एकाच पुस्तकापुरता असेल तर कोणते निवडावे, आणि तिन्ही वाचायची असतील तर कोणत्या क्रमाने, हे ठरवण्यासाठी हा आढावा आहे.

तुलनेसाठी मी एकच कसोटी वापरणार आहे. नवरा गेल्यावर घरात पैसा कुठून येतो, तो कोण मोजते, आणि मोजताना ती बाई हसते की नाही, एवढेच पाहायचे. तिन्ही लेखकांनी आपली नायिका याच ठिकाणी उभी केली आहे, आणि पुढे पुस्तकाचा सूर कसा लागणार हेही तिथेच ठरले आहे.

अ‍ॅग्नेसच्या घरचा सगळा व्यवहार रोखीचा आहे. गाडा लावला तर पैसा, नाही लावला तर नाही. त्यामुळे नवऱ्याच्या मरणापायीसुद्धा एका दिवसाची कमाई बुडवणे तिला परवडत नाही, आणि पहिल्या प्रकरणातील विनोदाचे मूळ या न परवडण्यात आहे. तिला दुःख नाही असे लेखक म्हणत नाही, दुःख करत बसायला तिला फुरसत नाही असे तो दाखवतो. आयर्लंडमध्ये विधवा आणि अनाथ यांच्यासाठी निवृत्तिवेतनाचा कायदा १९३५ साली झाला. त्याच वर्षी दुसऱ्या एका कायद्याने संततिनियमनाच्या साधनांची विक्री आणि आयात यांवर बंदी आली, आणि ती सैल व्हायला १९७९ उजाडावे लागले. एकाच वर्षी सरकारने बाईला सात मुले होण्याची सोय केली आणि नवरा गेल्यास चार पैसे देण्याचीही सोय केली, हा योगायोग कादंबरीत कुणी बोलून दाखवत नाही. तरी अ‍ॅग्नेसचे सारे आयुष्य या दोन कायद्यांच्या मधल्या जागेत चालले आहे, हे मनात ठेवून वाचले की तिचा फटकळपणा वरवरचा वाटत नाही.

तिसरा कायदाही ध्यानात घेण्यासारखा आहे. १९३७ च्या आयरिश राज्यघटनेने घटस्फोटाला मनाई केली होती आणि ती मनाई नोव्हेंबर १९९५ च्या सार्वमतात अगदी थोड्या मतांच्या फरकाने उठली. म्हणजे १९६७ सालच्या डब्लिनमध्ये वाईट संसारातून बाईची कायदेशीर सुटका व्हायची ती मरणानेच, मग ते तिचे असो की त्याचे. 'द मॅमी'मध्ये रेडसर या नवऱ्यासाठी फार अश्रू ढाळलेले नाहीत. वैधव्य म्हणजे सर्व संपणे या ओळखीच्या समजाऐवजी, बाईला स्वतःच्या कमाईवर आणि स्वतःच्या संध्याकाळींवर प्रथमच ताबा मिळणे, असा अर्थ या कादंबरीने हसतखेळत मांडला आहे. माझ्या मते पुस्तकाचे खरे धाडस इथे आहे, आणि केवळ विनोदासाठी ते वाचणाऱ्यांच्या हातून नेमके हेच निसटते.

ओ'कॅरोल यांना हा विषय घरचाच होता. ते १९५५ साली डब्लिनमध्ये जन्मले, अकरा भावंडांत सर्वांत धाकटे. वडील ते लहान असतानाच वारले आणि पुढचा संसार आईने ओढला. त्यांची आई मॉरीन ओ'कॅरोल मात्र अ‍ॅग्नेससारखी नव्हती. ती १९५४ ते १९५७ या काळात आयरिश संसदेची सदस्य होती आणि मजूर पक्षातर्फे तिथे निवडून गेलेली पहिली स्त्री होती. हे कळल्यावर मला एक प्रश्न पडला, की इतकी असामान्य आई डोळ्यांसमोर असताना लेखकाने कादंबरीसाठी भाजीवाली का निवडली? एक उत्तर कादंबरीच्या जन्मकथेत सापडते. अ‍ॅग्नेस प्रथम १९९२ मध्ये आयरिश नभोवाणीवरच्या छोट्या विनोदी मालिकेत अवतरली आणि तिचा आवाज खुद्द ओ'कॅरोल यांनीच दिला. दररोज काही मिनिटांत श्रोत्याला हसवायचे असेल तर पात्राला संसदेतले भाषण उपयोगाचे नसते, बाजारातली जीभ लागते.

नभोवाणीच्या या वारशाचे बरेवाईट दोन्ही परिणाम पुस्तकावर दिसतात. प्रकरणे सुटसुटीत आहेत आणि प्रत्येकात एखादा प्रसंग उभा राहून हशा पिकवून संपतो. वयात येऊ लागलेल्या थोरल्या मार्कला शरीरातल्या बदलांविषयी पडलेला प्रश्न बापाच्या माघारी आईला सोडवावा लागतो, ते प्रकरण या पद्धतीचे उत्तम उदाहरण आहे. अवघडलेपण दोन्ही बाजूंना सारखे आहे आणि लेखक कुणाचीही टवाळी करत नाही. मात्र प्रसंगांना जोडणारा धागा सैल आहे. सात मुलांपैकी मार्क आणि त्याच्या पाठचा फ्रँकी ठसठशीत उतरतात. बाकीची, एकुलती मुलगी कॅथी धरून, आपापल्या प्रसंगापुरती पुढे येतात आणि मागे सरतात. हसवून झाले की रडवायचे आणि रडवून झाले की पुन्हा हसवायचे, हा रंगमंचावरचा ठोकताळा लेखकाने इतक्या वेळा वापरला आहे की अर्ध्या पुस्तकानंतर पुढचा ठोका कुठे पडणार ते आधीच कळू लागते.

या ठोकताळ्यातून सुटून उंच जाणारा भाग अ‍ॅग्नेस आणि मॅरियन यांच्या मैत्रीचा आहे. दोघींचे गाडे एकाच गल्लीत. बिंगो, एखादा पेला आणि सिगारेट एवढीच त्यांची करमणूक, आणि आपण एकदा तरी गायक क्लिफ रिचर्डबरोबर नाचणार हे अ‍ॅग्नेसचे स्वप्न. मूर स्ट्रीट ही लिफी नदीच्या उत्तरेला, हेन्री स्ट्रीटला लागून असलेली बाजारगल्ली. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६ च्या ईस्टर उठावात बंडखोरांचे ठाणे असलेल्या जनरल पोस्ट ऑफिसला आग लागल्यावर बंडाचे नेते इथल्याच घरांत शिरले होते. गाड्यांच्या जागा तिथे आईकडून मुलीकडे जात आल्या आहेत आणि तिथल्या विक्रेत्या बायकांच्या जिभेला डब्लिन शहर वचकून असते. पुण्याच्या मंडईत ज्याने एकदा तरी भाव पाडून मागण्याची चूक केली आहे, त्याला या बायकांची ओळख वेगळी करून द्यावी लागणार नाही. मॅरियनच्या आजारपणाची प्रकरणे आली की विनोद थांबत नाही, त्याचे काम तेवढे बदलते. आतापर्यंत दोघी हसत होत्या त्या जगाची फजिती करायला, आता हसतात त्या एकमेकींना धीर द्यायला. संपूर्ण पुस्तकात हीच पाने मला सर्वांत सच्ची वाटतात. शेवट मात्र परीकथेच्या अंगाने जातो आणि तो पटण्यासाठी वाचकाला बरीच उदारता दाखवावी लागते.

'नोरा वेब्स्टर'मध्ये पैशाचा हिशेब कोणी मोठ्याने करत नाही. काळ जवळजवळ तोच, साठच्या दशकाची अखेर आणि सत्तरची पहिली वर्षे. पण स्थळ वेक्सफर्ड परगण्यातले एनिस्कॉर्थी हे लहान गाव, आणि नवरा मॉरिस हा शाळामास्तर. नोरा अ‍ॅग्नेससारखी कष्टकरी वर्गातली नाही, हे प्रथमच सांगून टाकणे योग्य. कष्टकऱ्यांचीच गोष्ट हवी असलेल्या वाचकाने हे पुस्तक त्या अपेक्षेने उचलू नये. तरीही तुलनेत त्याला स्थान आहे, कारण पगारदाराची विधवा किती झपाट्याने खालच्या पायरीवर येते, हेच त्याचे एक मुख्य सूत्र आहे. नोरा सर्वांत आधी कुश येथील समुद्रकाठचे सुट्टीतले घर विकते. मग लग्नाआधी जिथे नोकरी केली होती त्याच कंपनीच्या कचेरीत परतते, आणि तिथे तिच्या डोक्यावर बसते ती एकेकाळी जिची तिने पर्वा केली नव्हती अशी फ्रान्सी कॅव्हना. लग्न झाले की बाईने नोकरी सोडायची हा त्या काळच्या आयर्लंडमधला शिरस्ता होता. सरकारी नोकरीत तर तो नियमच होता आणि १९७३ पर्यंत टिकला. त्यामुळे नोराचे कामावर परतणे ही प्रगती नाही; मध्ये जणू वीस वर्षे गेलीच नाहीत अशा रीतीने तिला पुन्हा त्याच खुर्चीत बसवले जाते.

इथे मुले चार आहेत. मोठ्या दोन मुली, फिओना आणि आन्या, घराबाहेर शिकत आहेत. धाकटे दोघे, डोनल आणि कॉनर, घरी आहेत, आणि बाप गेल्यापासून डोनल अडखळत बोलतो. नवरा रुग्णालयात अखेरच्या अवस्थेत असताना नोराने या दोघांना मावशीकडे ठेवले होते आणि त्या काळात त्यांची खबर घेतली नव्हती. तोबीन यांनी या गोष्टीवरून कुठेही आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केलेले नाही, आणि तिला निर्दोषही सोडलेले नाही. अ‍ॅग्नेसच्या घरात मुलांवरचे प्रेम ओरडून, धपाटा घालून, ताटात वाढून व्यक्त होते. नोराच्या घरात एकाच खोलीत दूरचित्रवाणी पाहत बसलेली चार माणसे एकमेकांशी काय बोलत नाहीत, यावर लेखकाची सारी भिस्त आहे. तोबीन स्वतः एनिस्कॉर्थीचे, वडील गेले तेव्हा ते बारा वर्षांचे होते, आणि नोराच्या मागे त्यांची आई उभी आहे हे त्यांनी लपवलेले नाही. डोनलचा कॅमेरा आणि त्याचे पाहणे यांत लेखक किती आहे, हे मग वाचकाने ठरवावे.

ही कादंबरी विनोदी नाही असे सरसकट म्हणण्याआधी कॉनरच्या शाळेचा प्रसंग वाचावा. हुशार कॉनरला वरच्या तुकडीतून खालच्या तुकडीत टाकले जाते. नोरा मठवासी गुरुजींच्या त्या शाळेच्या फाटकावर एकटीने निदर्शने करण्याची धमकी देते, आणि विधवेच्या शापाची भीतीही घालायला कमी करत नाही. गाव हादरते. ही बाई आतापर्यंत किती गप्प होती हे आपण बरीच पाने पाहिलेले असल्यामुळे तिच्या एका वाक्याने जो आनंद होतो, तो अ‍ॅग्नेसच्या शंभर शिव्यांनी होत नाही. अ‍ॅग्नेस पहिल्या पानापासूनच बोलकी आहे, त्यामुळे तिच्या बोलण्याची अशी किंमत वाढायला वावच उरत नाही. विनोदी कादंबरीची ही एक मर्यादा मानावी लागेल.

पैशाचे आणखी एक साम्य आहे. अर्थमंत्री चार्ल्स हॉही यांनी अर्थसंकल्पात विधवांचे निवृत्तिवेतन वाढवल्याची बातमी नोराच्या घरीही येते, आणि ज्या माणसाविषयी घरात एरवी वाकडेच बोलले जाते त्याचे आभार मानावे की नाही असा पेच पडतो. एकाच निवृत्तिवेतनाकडे दोन घरे कशी पाहतात ते इथे समोरासमोर दिसते: अ‍ॅग्नेस खिडकीवर जाऊन हक्काने मागते, नोरा मिळाल्यावर कुणाला कळू नये अशी काळजी घेते. उत्तर आयर्लंडमधला नागरी हक्कांचा लढा, ब्रिटिश सैनिकांनी निःशस्त्र निदर्शकांवर गोळ्या झाडल्या तो १९७२ चा रक्तरंजित रविवार, त्यानंतर डब्लिनमध्ये जाळला गेलेला ब्रिटिश दूतावास, हे सारे नोराच्या दिवाणखान्यात बातम्यांतून येऊन आदळते. 'द मॅमी'च्या घरात राजकारणाला जागा नाही. हा दोष म्हणावा की प्रामाणिकपणा, याविषयी माझे मत अजून पक्के झालेले नाही. पहाटे भाजी आणायला बाहेर पडणाऱ्या बाईला उत्तरेकडच्या बेलफास्टची चिंता करायला सवड नसणे शक्य आहे, आणि लेखकाला ती सवड नसणेही शक्य आहे.

पॉला स्पेन्सर या दोघींच्या नंतरच्या पिढीतली आहे, आणि तिच्यावर लिहिताना डॉईल यांनी हास्य आणि हिंसा यांमधले अंतर जवळजवळ पुसून टाकले आहे. पहिल्या कादंबरीत पॉला एकोणचाळीस वर्षांची आहे. दारात उभा असलेला पोलीस तिला सांगतो की चार्लो, तिचा नवरा, पोलिसांच्या गोळीने मेला. एक वर्ष आधीच तिने त्याला घराबाहेर काढले होते. सतरा-अठरा वर्षे त्याने तिला मारले, आणि दवाखान्यात प्रत्येक वेळी तिने दारावर आपटल्याचे सांगितले. डॉक्टरांनी दारूचा वास घेतला आणि पुढे काही विचारले नाही. शीर्षक तिथून आले आहे. पॉला स्वतः आपली गोष्ट सांगते, मागेपुढे जाते, पूर्वीचे खोडते, पुन्हा सांगते. तरुणपणातल्या नाचगाण्यांच्या आठवणींत ती खळखळून हसवते, आणि त्यामुळे पुढचे मारहाणीचे प्रकरण अधिकच असह्य होते.

'पॉला स्पेन्सर'मध्ये ती अठ्ठेचाळिशीच्या उंबरठ्यावर आहे, दारू सोडून चार महिने आणि काही दिवस झाले आहेत, आणि ती साफसफाईची कामे करते. निकोला, जॉन पॉल, लीअ‍ॅन आणि जॅक ही तिची चार मुले. यांतली थोरली निकोला आईची आई झाली आहे. जॉन पॉल हेरॉइनच्या व्यसनातून बाहेर आला आहे. लीअ‍ॅन आता आईचीच वाट चालते आहे. इथला पैशाचा हिशेब तिन्ही लेखकांत सर्वांत बारीक आहे. किती तास काम केले, भरलेला फ्रीज कसा दिसतो, पगार हातात आला की पाय कुणीकडे वळू पाहतात, या गोष्टींवर डॉईल थांबतात. २००५ च्या सुमाराचे भरभराटीतले डब्लिन, परदेशांतून कामाला आलेले नवे सहकारी, आणि शहर श्रीमंत होत असताना कचेऱ्यांच्या फरशा पुसणारी पॉला, हे चित्र ओ'कॅरोल यांच्या आठवणीतल्या डब्लिनपेक्षा कितीतरी कठोर आहे. विनोद आहेच, पण तो बहुतेक संवादांत आहे, कोरडा आहे, आणि त्यावर कुणी टाळ्या वाजवाव्यात अशी लेखकाची अपेक्षा नाही.

मुले वाढवण्याच्या दृष्टीने तिघींची तुलना केली तर एक विचित्र उतरंड दिसते. अ‍ॅग्नेसकडून मुलांचे काही फारसे बिघडत नाही. जे बिघडते ते गरिबीमुळे आणि बाहेरच्या जगामुळे. नोराकडून बिघडते, आणि ते तिला उशिरा कळते. पॉलाकडून सर्वांत जास्त बिघडले आहे, आणि ते तिला रोज सकाळी कळते. विनोदी कादंबरीने आईला वाचवले आहे, असे म्हणता येईल. आई म्हटले की वाचकाचा गळा दाटून आलाच पाहिजे अशा संस्कारात वाढलेल्या मराठी वाचकाला अ‍ॅग्नेस तिच्या तोंडाळपणामुळे बंडखोर वाटेल. प्रत्यक्षात तिघींमध्ये तीच सर्वांत पारंपरिक आई आहे.

भाषेच्या अडचणीचा विचार निवडताना केलाच पाहिजे. 'द मॅमी'चे इंग्रजी सोपे आहे, पण संवाद डब्लिनच्या उत्तर भागातल्या बोलीत आहेत आणि शिव्या मुबलक आहेत. पहिल्या दोन प्रकरणांत अडखळायला होते, नंतर कान तयार होतो. मोठ्याने वाचल्यास लवकर होतो. पैशाची भाषा पाउंड, शिलिंग आणि पेन्सची आहे, बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पाउंड, कारण दशमान नाणी तिथे फेब्रुवारी १९७१ मध्ये आली. आणे-पैचा हिशेब ज्यांनी घरच्या मोठ्यांकडून ऐकला आहे त्यांना हे जड जाणार नाही. डॉईल यांचे संवाद अवतरणचिन्हांऐवजी आडव्या रेघेने सुरू होतात आणि कोण बोलते आहे हे पुष्कळदा अंदाजाने ओळखावे लागते. तोबीन यांची वाक्ये सर्वांत स्वच्छ, शब्द सर्वांत साधे. तिथे लागते ती चिकाटी. ज्यांना प्रत्येक प्रकरणात काही घडलेले हवे असते ते पन्नासाव्या पानाच्या आसपास पुस्तक मिटतील, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

पुस्तकाऐवजी पडद्यावर पाहिले तर चालेल का, हा प्रश्न फक्त 'द मॅमी'च्या बाबतीत येतो. अँजेलिका ह्यूस्टन यांनी १९९९ मध्ये 'अ‍ॅग्नेस ब्राउन' हा चित्रपट दिग्दर्शित केला आणि मुख्य भूमिकाही केली. चित्रपट देखणा आहे, आणि तेच त्याचे दुखणे आहे. गरिबीला त्यात उबदार रंग चढला आहे, आणि क्लिफ रिचर्डच्या जागी टॉम जोन्स आला आहे. २०११ पासूनची 'मिसेस ब्राउन्स बॉईज' ही दूरचित्रवाणी मालिका ही तर वेगळीच वस्तू. तिथे ओ'कॅरोल स्वतः साडीऐवजी स्वेटर आणि एप्रन घालून म्हातारी ब्राउनबाई होतात, मुले केव्हाच मोठी झालेली आहेत, नट मध्येच हसून फुटतात आणि ते तसेच दाखवले जाते. 'मोरूची मावशी'तल्या विजय चव्हाणांवर ज्यांनी प्रेम केले त्यांना या प्रकारात परके काहीच वाटू नये. समीक्षकांनी मालिकेला झोडपले, प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले, आणि २०१२ मध्ये तिला उत्कृष्ट विनोदी मालिकेचा बाफ्टा पुरस्कारही मिळाला. पण एकटीने मुले वाढवण्याची गोष्ट तिच्यात उरलेली नाही. मालिका आवडली म्हणून कादंबरी उचलणाऱ्याला तीत अनपेक्षित हळवेपणा सापडेल. मालिका आवडली नाही म्हणून कादंबरी टाळणाऱ्याचे नुकसान अधिक होईल.

आता निवड. आठवडाअखेरीत संपणारे, हसवणारे, कष्टकरी बायांच्या मैत्रीवरचे पुस्तक हवे असेल आणि गोड शेवटाचे वावडे नसेल, तर 'द मॅमी' घ्यावे. तिन्हींमध्ये सर्वांत चांगली कादंबरी कोणती असे विचाराल तर माझे मत 'नोरा वेब्स्टर'ला जाईल. मात्र घरात अलीकडेच कुणी गेले असेल तर ती थोडी लांबवावी, कारण पहिल्याच प्रकरणात रोज संध्याकाळी भेटायला येणाऱ्या माणसांचा जो शीण रंगवला आहे तो फार जवळचा आहे. डॉईल यांच्याकडे वळायचे तर १९९६ च्या पुस्तकापासूनच वळावे. 'पॉला स्पेन्सर' स्वतंत्रपणे वाचता येते, पण पॉला मुलांसमोर इतकी अपराधी का असते याचे वजन पहिल्या पुस्तकाशिवाय कळत नाही. घरगुती हिंसेची वर्णने ज्यांना सोसत नाहीत त्यांनी पहिल्या पुस्तकाच्या उत्तरार्धाविषयी सावध असावे. तिन्ही वाचायची असतील तर अ‍ॅग्नेस, मग पॉला, मग नोरा हा क्रम मी सुचवीन. अ‍ॅग्नेसकडून थेट नोराकडे गेल्यास नोरा थंड वाटते, आणि पॉलानंतर तिचा अबोलपणा समजू लागतो.

अ‍ॅग्नेस आवडली तर पुढे काय, हेही विचारले जाते. १९९५ च्या 'द चिझलर्स'मध्ये मुले मोठी होऊ लागतात आणि जुन्या वस्तीतून शहराबाहेरच्या नव्या घरी जाण्याचा विषय येतो. तीन भागांत कथानक सर्वांत घट्ट याचे आहे. १९९६ च्या 'द ग्रॅनी'मध्ये अ‍ॅग्नेस सत्तेचाळिसाव्या वर्षी आजी होते आणि लेखक थोडा घाईत वाटतो. २००३ चे 'द यंग वॉन' हे अ‍ॅग्नेसच्या लहानपणाविषयी आहे आणि मॅरियनशी तिची मैत्री कशी जमली ते त्यात येते. कालक्रमाने ते पहिले असले तरी त्यापासून सुरुवात करू नये. मॅरियन कोण होती हे आधी ठाऊक असेल तरच त्यातल्या दोन लहान मुलींकडे पाहण्यात गंमत आहे.